वॅक्सच्या आधी

गाडी पॉलिश करायचं मशीन बंद करून त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, "कसं झालंय?"

"आरसा झालाय," बायको म्हणाली. तीही नेहमीप्रमाणेच.

या एका शब्दावरून सगळे त्याला 'आरसेवाले' म्हणत. तो खूश होऊन हात धुवायला आत गेला. ती मात्र काळ्या गाडीच्या बॉनेटकडे बघत राहिली. दिव्याखाली त्यावर गोल गोल बारीक ओरखड्यांचं जाळं दिसत होतं, जुन्या स्टीलच्या ताटावर असतं तसं. पॉलिश केल्यावर ते जायला हवं होतं. उलट त्यात भरच पडली होती.

चिंध्यांच्या डब्यामागून तिने ग्लेझची बाटली काढली. साईसारखं दाट, तेलकट. फडक्याने चोळलं की ते ओरखड्यांत जाऊन बसतं आणि रंग नवाकोरा दिसू लागतो. वरून वॅक्स मारलं की कुणाच्या बापाला कळत नाही. गाडी चारदा धुतली की मात्र निघून जातं, आणि ओरखडे असतात तिथेच असतात.

या ग्लेझवरून घरात पूर्वी रीतसर भांडणं झाली होती. सगळे लावतात, तुमचंच काय वेगळं, असं ती म्हणायची. "न धुतलेल्या तोंडाला पावडर कशाला?" असं तो म्हणायचा. जिंकला तोच होता. पण मग त्याच्या डोळ्यांपुढे धुकं दाटत गेलं, चष्म्याचा नंबर वाढवून वाढवून डॉक्टरही थकले, आणि एक दिवस ती गुपचूप बाटली घेऊन आली. त्याला खरं सांगायचं म्हणजे त्याच्या हातातलं मशीनच काढून घ्यायचं. तिची जीभ रेटत नव्हती.

बॉनेटवरून हात फिरवून होतो न होतो तोच दारात हॉर्न वाजला. काही दिवसांपूर्वी गाडी पॉलिश करून नेलेला टॅक्सीवाला होता.

"वहिनी, जरा बाहेर येऊन बघता का?"

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. निळ्या टॅक्सीच्या बॉनेटभर तेच जाळं चमकत होतं.

"हळू बोला," ती म्हणाली. "मी परत करून देते. पैसे नकोत."

पण तोवर नवरा हात पुसत बाहेर आलाच होता. "काय झालं?"

"आता तुम्हीच बघा की, आरसेवाले!"

तो वाकला. चष्मा कपाळावर चढवला, नाक पत्र्याला टेकेल इतका जवळ गेला, मान तिरकी करून पाहिलं. मग तळवा फिरवला. पत्रा गुळगुळीत लागला.

"कुठे आहे?" त्याने अगदी मनापासून विचारलं.

टॅक्सीवाला कडवट हसला. "वा! एवढं ढळढळीत दिसतंय आणि तुम्ही कुठे म्हणून विचारताय? मी काही भांडायला आलो नव्हतो हो. पण निदान खोटं तरी बोलू नका."

नवऱ्याचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत त्याला कुणी लबाड म्हटलं नव्हतं. लबाडी तिची होती आणि बोल त्याला लागला होता. हे मात्र तिला सोसवेना.

"ते खोटं बोलत नाहीयेत," ती म्हणाली. "त्यांना दिसत नाही. राहिलेले ओरखडे मी ग्लेझ लावून बुजवत होते. त्यांना पत्तासुद्धा नव्हता."

टॅक्सीवाल्याने मान खाली घातली. "गाडी ठेवून जातो. सावकाश करा," एवढंच पुटपुटला आणि किल्ली तिच्या हातात देऊन चालू लागला.

"आतल्या काळ्या गाडीलाही लावलंस?" त्याने विचारलं.

"हो."

"आणि मला आरसा म्हणून सांगत होतीस."

"मग काय सांगणार होते, अहो?" तिला रडू फुटलं. "तुम्ही विचारता तेव्हा तोंड कसं होतं तुमचं, ते तुम्हाला कुठे दिसतं!"

आत जाऊन त्याने काळ्या बॉनेटवर बोट टेकवलं, अंगठ्यावर चोळून पाहिलं. मग स्पिरिटचं फडकं घेतलं आणि ग्लेझ पुसून काढायला लागला. तो रागावलेला नव्हता. कोपरान् कोपरा सावकाश पुसत होता. पुसून झाल्यावर त्याने मशीनला नवा पॅड लावला.

"दार पूर्ण उघड. ऊन आत येऊ दे. आणि इथे उभी राहा."

ती उभी राहिली. बराच वेळ नुसता मशीनचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"कसं झालंय?"

उत्तर ओठांवर आलंच होतं. ते तिने गिळलं आणि वाकून नीट पाहिलं.

"डाव्या कोपऱ्यात राहिलंय."

त्याने मशीन बाजूला ठेवलं. मग त्याने आपला हात तिच्यापुढे धरला.

"कुठे? दाखव."

तिने त्याचं बोट धरलं आणि नेमकं त्या जागेवर नेऊन टेकवलं.