एका दिवसात चार सहली

"जॅकेटं बदला, चलो, जॅकेटं बदला! गॉगलवाले मागे जा. तारीख वेगळी वाटली पाहिजे, यार!"

पानिपतच्या काला आंब स्मारकासमोर उभे राहून सुधाकर सर ओरडत होते. ग्रेटर नोएडातल्या एका खासगी विद्यापीठात ते पर्यटन विभागाचे प्रमुख. सोमवारी तपासणी समिती येणार होती आणि तिच्या फाइलला वर्षभरातल्या चार अभ्याससहलींचे फोटो हवे होते. निघालेली सहल एकच, आजची. म्हणून सरांनी चार बॅनर छापून आणले होते. हेरिटेज टुरिझमचा झाला. इको टुरिझमचा कडुलिंबाखाली उभं राहून उरकला. रूरल टुरिझमसाठी तिथल्या माळ्याच्या हातातलं खुरपं घेऊन एका मुलाच्या हातात दिलं. माळी बिचारा आपलं खुरपं परत मिळायची वाट बघत बाजूला उभा होता.

विनयाच्या डोक्यात सकाळपासून तिडीक उठत होती. नऊ वर्षं ती हा विषय शिकवत होती. जागा कशी बघावी आणि दुसऱ्याला कशी दाखवावी, एवढंच तर त्यात शिकवायचं असतं. आणि इथे चाळीस मुलं स्मारकाकडे पाठ करून दात काढत उभी होती.

"मॅम, माझं कधी?" अश्लेषाने तिला हळूच विचारलं.

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधली ही मुलगी महिनाभर तयारी करून आली होती. गाइड म्हणून याच जागेवर वीस मिनिटं बोलायचं, ते तिचं प्रात्यक्षिक. विनयाने तसा शब्द दिला होता.

"सर, अश्लेषाचं प्रात्यक्षिक राहिलंय," ती म्हणाली.

"वीसपैकी अठरा मार्क टाकलेत मी तिला. बिल्कुल टेन्शन घेऊ नका." सरांनी आवाज खाली आणला. "मुरथलच्या ढाब्यावर पराठ्यांचं सांगून ठेवलंय, मॅडम. आणि तुमचं कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात रिन्यू व्हायचंय. उगाच कशाला?"

विनया गप्प बसली. आपल्या या गप्प बसण्याची तिला किळस आली, तरी ती गप्पच बसली.

अश्लेषा मात्र थांबली नाही. स्मारकाच्या खांबापाशी कराडहून आलेले एक आजी-आजोबा हात जोडून उभे होते. ती सरळ त्यांच्याकडे गेली.

"आजोबा, इथे काय झालं ते मी सांगू?"

"सांग की, बाळ. त्यासाठीच तर इतक्या लांब आलोय."

तिने सुरुवात केली. पहिली दोन वाक्यं अडखळली, मग आवाज लागला. "सगळ्यांना वाटतं, इथे फक्त सैनिक होते. पण सैन्याबरोबर हजारो यात्रेकरू आले होते. उत्तरेतली तीर्थं बघायची म्हणून घरातून निघालेले. बायका होत्या, तुमच्याएवढी म्हातारी माणसं होती. एवढं मोठं सैन्य सोबत आहे म्हणून त्यांना सेफ वाटलं. मग अब्दालीने रस्ता अडवला आणि इथलं धान्य संपत आलं..."

आजी होत्या तिथेच गवतावर बसल्या. आजोबांनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि ते ऐकू लागले. विनयाला कित्येक दिवसांनी बरं वाटलं.

"परफेक्ट! लाइव्ह गाइडिंग!" सर धावत आले. "डार्क टुरिझमचा बॅनर इथेच लावा. युद्धाची जागा, मेलेली माणसं, सगळं बसतंय त्यात. मॅडम, एक टोक तुम्ही धरा." मग त्यांचं लक्ष समोर गेलं. "आजोबा, जरा तिकडे होता का? फ्रेममध्ये स्टुडंट्स पाहिजेत."

आजी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. आजोबा त्यांना धरून झाडापर्यंत घेऊन गेले. त्यांच्या जागेवर दहा-बारा मुलं येऊन बसली, त्यातली निम्मी मोबाइलमध्ये डोकं घालून. अश्लेषाने विनयाकडे पाहिलं. विनयाने बॅनरचं टोक धरलेलं होतं.

"सर, मी पहिल्यापासून सांगू?" अश्लेषाने विचारलं.

"अगं, बोलायची गरजच नाही. फोटोच तर काढायचाय. नुसते ओठ हलव, आणि हात असा वर."

अश्लेषाने हात वर केला आणि ती नुसते ओठ हलवू लागली. सर मागेपुढे सरकत फोटो काढत राहिले.

झाडाखाली आजोबांनी कानामागे हात धरला.

"जरा मोठ्यानं, बाळ," ते म्हणाले. "इथवर ऐकू येत नाही."