हनुवटीवरचं गोंदण
ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आजवरच्या सरपंचांचे फेटेवाले फोटो होते. आता त्यात नव्या सरपंच तुळजाबाईंचा लागायचा होता, आणि शिरूरच्या स्टुडिओत त्या पदरानं हनुवटी झाकून बसल्या होत्या. लहानपणीचं ते हिरवं गोंदण बघून लोक आपल्याला अडाणी म्हणतील, ही त्यांची धास्ती. इतिहास शिकणाऱ्या नातीनं मोबाईल पुढं धरला. "आजी, न्यूझीलंडच्या सरकारी दप्तरातला जुना फोटो हाय. दीडशे वर्षांपूर्वीची, तिथल्या मूळच्या माओरी लोकांची पुढारी." त्या बाईची अख्खी हनुवटी गोंदलेली, आणि नजर सरळ समोर. "हिनं झाकलं न्हाई व्हय?" "कशाला झाकंल? त्यांच्यात तो घराण्याचा मान असतो." तुळजाबाई फोटोकडं बघतच राहिल्या. तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, "मावशी, हनुवटीवरचे डाग कॉम्प्युटरवर पुसून टाकतो." तुळजाबाईंनी पदर सोडला. "पुसू नगंस. उलट जरा गडद कर. समद्या फेट्यांत उठून दिसलं पायजे."