तीनशे बारा जबान्या

"जबान्या ज्याच्या त्याला परत मिळतील," अधिकारी म्हणाला. "कोर्टाचा हुकूम आहे, मी कोण अडवणारा?"

समोर मानवी हक्क केंद्राच्या टायपिस्टबाई बसल्या होत्या. अकरा महिने त्या याच कचेरीसमोर पाटी धरून उभ्या होत्या, 'आमच्या नोंदी परत द्या.' अर्ज केले, सह्या गोळा केल्या, वकिलांचे उंबरे झिजवले. केंद्रावर छापा पडला तेव्हा पोलिसांनी चौदा खोकी उचलून नेली होती. घरातून नेलेली, परत न आलेली माणसं. त्यांच्याबद्दलच्या तीनशे बारा जबान्या. चौदाच्या चौदा खोकी आज भिंतीशी रचून ठेवली होती. हात लांबवला असता तर पोचला असता.

"मग द्या ना," त्या म्हणाल्या.

"कुणाला? कागदावर नाव कुठंय? नुसते आकडे." अधिकाऱ्याने एक कोरा कागद आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं. आवाज अगदी घरच्या माणसाने समजूत घालावी तसा. "आकड्यापुढे नाव-पत्ता लिहा. ज्याचं त्याने ओळखपत्र घेऊन यावं, सही करावी, घेऊन जावं. तुमचं तासाभराचं काम."

नावांची यादी केंद्राने कधी कागदावर उतरवलीच नव्हती. ती टायपिस्टबाईंच्या डोक्यात होती. जबानी देणाऱ्यांत आया होत्या, बायका होत्या, खिडकीच्या फटीतून सारं पाहणारे शेजारी होते, तुरुंगातला एक स्वयंपाकीही होता. तुमचं नाव माझ्या तोंडून जाणार नाही, असा शब्द त्यांनी प्रत्येकाला दिला होता. आणि नाही लिहिली नावं, तर खोकी इथेच राहणार. उद्या खोक्यांना आग लागली म्हणून कळवायला यांना कितीसा वेळ?

त्यांनी पेन उचललं. अधिकारी पुढे वाकला. त्यांनी लिहिलं, 'क्रमांक एक ते तीनशे बारा.' पुढे स्वतःचं नाव, स्वतःचा पत्ता. मग पर्समधून ओळखपत्र काढून कागदावर ठेवलं.

"हे काय?"

"सगळ्या माझ्या आहेत."

"थट्टा करताय?"

"जो मालकी सांगेल त्याच्याकडून लिहून घ्यावं, असं हुकमात आहे. दिलं लिहून."

अधिकारी उठला, पहिलं खोकं उघडून वरची फाइल काढली. "क्रमांक एक. 'माझ्या मुलाला पहाटे नेलं. चपलाही घालू दिल्या नाहीत.' तुमचा मुलगा का?"

टायपिस्टबाईंचं लग्नच झालेलं नव्हतं.

"माझा."

"क्रमांक दोन. नवरा."

"माझा."

"तीन, भाऊ. चार, दोघी बहिणी."

"माझा. माझ्या."

दहापर्यंत तो हसत हसत वाचत होता. पुढे हसणं गेलं. कधी एखादं वाक्य मोठ्याने वाचायचा आणि मध्येच थांबून उरलेलं मनात वाचायचा. टायपिस्टबाई प्रत्येक क्रमांकाला 'माझा', 'माझी' म्हणत राहिल्या. बाहेरच्या खोलीतली बोलणी कधी थांबली ते दोघांनाही कळलं नाही.

सव्विसाव्या फाइलपाशी त्याने चष्मा काढला. "एका बाईचं एवढं कसं जाईल हो?"

"मीसुद्धा तेच विचारतेय. अकरा महिने."

त्याने फाइल खोक्यात टाकली. "घेऊन जा. पण जबानी तुमची, तर उत्तरंही तुमची. सोमवारी अकरा वाजता चौकशीला यायचं, जबानी क्रमांक एक ते दहा. त्यापुढच्या सोमवारी पुढच्या दहा. एक तपशील जरी चुकला तरी खोट्या जबानीचा गुन्हा. मग नावं कशी काढून घ्यायची ते आम्ही बघू."

खोकी गाडीत चढली. वकील ती घेऊन गेले. टायपिस्टबाईंनी रस्ता ओलांडला आणि बसथांब्याच्या बाकावर टेकल्या. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी विणत बसली होती. अकरा महिने ती रोज इथे येऊन बसे आणि एकही बस पकडत नसे. पाटी तिने कधी हातात धरली नव्हती. कचेरीच्या खिडक्यांसमोर त्या दोघी कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"मिळाली?" सुयांवरची नजर न हलवता म्हातारीने विचारलं.

"मिळाली, मावशी." टायपिस्टबाईही समोरच बघत होत्या. हळू आवाजात त्यांनी सोमवारचं सांगितलं. मग म्हणाल्या, "क्रमांक एक माझा म्हणून सांगून बसलेय. तुमचा मुलगा. मला विचारायला हवं होतं तुम्हाला."

सुया थांबल्या. एक बस आली, दार उघडलं, कुणी उठलं नाही, बस निघून गेली.

म्हातारीने विणकाम पिशवीत घातलं. कचेरीच्या साऱ्या खिडक्यांदेखत ती सरकत सरकत आली आणि टायपिस्टबाईंना खेटून बसली.

"मग नीट ऐक," ती म्हणाली. "सोमवारी चुकायला नको. डाव्या भुवईत व्रण आहे, झोक्यावरून पडला होता. अंधाराला भितो, पण कुणाला सांगत नाही. आणि झोपेतून उठवायचं झालं तर हाक मारायची नाही. नुसता पायाला हात लावायचा. हाकेने दचकतो."