सहा आकडे

“बसचा पास मागच्याच महिन्यात काढला होतास ना?” फोनवर बाबांनी विचारलं.

“बाबा, पास महिन्याचाच असतो. ओटीपी सांगा, वेळ संपत आलीय.”

“सांगतो. चष्मा तर लावू दे.”

चष्मा सापडेपर्यंत वेळ संपली. तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

परदेशात शिकायला आल्यापासून हेच चाललं होतं. पैसे तिच्या खात्यात, कार्ड तिच्या पाकिटात आणि ओटीपी मात्र बाबांच्या मोबाइलवर. निघायच्या गडबडीत घरच्या बँकेत त्यांचाच नंबर दिला गेला होता. तो बदलायचा तर स्वतः शाखेत येऊन सही करा, असं बँकेचं म्हणणं. इथली बँक खातं उघडायला घराचा करार मागायची, आणि तिघी राहत होत्या त्या खोलीचा करार रूममेटच्या नावावर. दोन्हीकडून वाट बंद.

त्यात बाबा होते सरकारी दवाखान्याच्या भांडारातले निवृत्त स्टोअरकीपर. सहीशिवाय त्यांनी कुणाला टाचणी दिली नव्हती, मग लेकीला आकडे असेच कसे देणार? शाम्पू एवढा महाग का? जेवण बाहेरून कशाला? एकदा तिने पॅड मागवले, तेव्हा बाबांनी विचारलं, “हे कसलं बिल?” तिने फोन ठेवला आणि रूममेटकडून उसने घेतले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तेविसाव्या वर्षी आपण अजून शाळेच्या दप्तरातच कोंबलेल्या आहोत असं तिला वाटायचं, आणि बाबांचा रागही यायचा.

एका रविवारी तिचा बांध फुटला.

“मी चोर आहे का, बाबा? प्रत्येक वेळी उलटतपासणी! यापुढे एकही प्रश्न नको. ओटीपी मागितला की द्यायचा आणि फोन ठेवायचा.”

पलीकडून आईचा आवाज आला, “पोरीचं बरोबर आहे हो. लहान का आहे ती आता?”

“बरं,” बाबा म्हणाले. “नाही विचारणार.”

शुक्रवारी दुपारी बारापर्यंत फीचा शेवटचा हप्ता भरायचा होता. नाही भरला तर प्रवेश रद्द, पाठोपाठ व्हिसा रद्द, आणि दीड वर्ष घासून हात हलवत घरी. बाबांच्या फंडातली सगळी शिल्लक या हप्त्यासाठीच खात्यात ठेवलेली होती.

साडेअकराला ती कॉलेजच्या लायब्ररीबाहेरच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसली. रक्कम भरली, बटण दाबलं आणि घरी फोन लावला. आज बाबा किती वेळ घेतील याचीच तिला धास्ती होती.

पहिल्याच रिंगला त्यांनी फोन उचलला आणि सहाच्या सहा आकडे एका दमात सांगितले. किती नाही, कशाला नाही. तिला इतकं मोकळं वाटलं की डोळेच भरून आले. तिने आकडे टाकले. स्क्रीनवर चक्र फिरू लागलं.

“थँक्यू, बाबा.”

“त्यात काय एवढं? सकाळी तुझ्या कॉलेजातल्या कुणा साहेबांनी फोन करून तीन वेळा ओटीपी मागितला, त्यांनाही मी अवाक्षर न विचारता दिला.”