रेशमाची तार

भवानी पेठेतल्या सरूला कावळा शिवला, तशी आत्यानं तिला मागच्या खोलीत कोपऱ्याला बसवलं. नेमकी आजच तिची विजेची घंटा वाजवून बघायची होती. महिनाभर वेणीमाधव मास्तर तिला एकटीला शिकवत होते; वीज बाहेर निसटू नये म्हणून तांब्याच्या तारेवर दोरा तिनंच गुंडाळला, तार मागच्या खोलीतून देवघरावरून ओसरीपर्यंत तिनंच ओढली. मास्तर ओसरीवर येताच आत्या म्हणाली, “चार दिवस शिकवणी बंद. तिनं कशालाही शिवायचं नाही.” मास्तर माघारी वळले, तोच आत्याच्या डोक्यावर घंटेची वाटी खणखणली. बटण सरूच्या कोपऱ्यातच आहे, हे आत्या विसरली होती. “अगं कार्टे, तार देवघरावरून गेलीय! सगळं घर विटाळलंस!” आत्या कडाडली. सरूनं बटणावरचं बोट उचललं नाही. “आत्या, तारेवर तुझ्याच जुन्या सोवळ्याचं रेशीम आहे,” ती घंटेपेक्षा मोठ्यानं ओरडली, “आणि रेशमाला विटाळ नसतो, तूच म्हणतेस की!”