मिस्तरीचं टुमणं

जिंतूरजवळच्या खडी क्रशरवर मशीनची सगळी देखभाल नागनाथ मिस्तरीकडे होती. त्याचा एक नियम होता आणि एक टुमणं. नियम असा, की मशीनच्या जबड्यात उतरणाऱ्यानं इंजिनचं हँडल सोबत न्यायचं. हँडलच नसलं तर वर कुणी इंजिन सुरू करणार कसं?

आणि टुमणं मालकाच्या मागे. "माणिकराव, हँडल एकच हाय. मोडलं तर धंदा बसंल. जास्तीचं एक आणून ठिवा."

"नामांतराचा बंद उठू द्या, मिस्तरी. परभणीची दुकानं उघडली की आणतो."

खंडेनवमीच्या सकाळी, पूजेआधी जबडा पुसून घ्यावा म्हणून मिस्तरी कुणाला न सांगता आत उतरला. त्या लोखंडी दातांमध्ये उभं राहिलं की दरवेळी त्याला भीती वाटायची. मग तो काखेतलं हँडल चाचपायचा, तेव्हा कुठं जिवात जीव यायचा.

वर हलगी कडाडायला लागली. नारळ फुटला. पूजा झाली की इंजिन घटकाभर चालवायचं, ही तिथली रीत. मिस्तरी पुसायचा थांबला. त्यानं हँडल छातीशी घट्ट धरलं. हे आपल्यापाशी आहे तोवर भ्यायचं कारण नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं.

हलगी क्षणभर थांबली.



"मिस्तरी अंघोळीहून यायच्या आत सुरू करा रे, लय दिवसांपासून मागायलेत, आज नवं कोरं हँडल बघून खूश होतील," माणिकराव म्हणाले, अन् हलगी पुन्हा कडाडली.