दोन प्रतिभा

कुरकुंभच्या कंपनीत लॅबमध्ये काम करणाऱ्या सुलक्षणानं सासूबाईंच्या हट्टापायी अखेर नोकरी सोडायचं ठरवलं. जाण्याआधी ईमेलमधला पसारा तरी आवरावा, म्हणून तिनं वर्षानुवर्षं साठलेली नावं एकेक करून काढून टाकली. प्रतिभा नावाच्या दोघी दिसल्या, त्यातली एक उडवली. मग राजीनामा लिहिला, ‘प्र’ टाइप केल्यावर जे नाव आपोआप समोर आलं त्यावर तो पाठवला आणि डोळे पुसले.

पंधरवडा उलटला तरी ऑफिसात कुणी चकार शब्द काढेना. उलट एचआरच्या प्रतिभा मॅडमनी पुढच्या महिन्याच्या शिफ्टमध्ये तिचं नाव घातलं. सुलक्षणा चक्रावली. मॅडम रागावल्यात, की आपलं जाणं कुणाच्या खिजगणतीतच नाही? शेवटी न राहवून तिनं विचारलं, तर मॅडमच गोंधळात पडल्या.

"कसला राजीनामा?"

सुलक्षणानं पाठवलेला मेल उघडून पत्ता नीट पाहिला. तो दुसऱ्या प्रतिभाचा, केंदूरला दिलेल्या थोरल्या नणंदेचा होता. सासूबाईंचीच लेक! तिनं घाईघाईनं फोन लावला.

"वन्सं, माझा मेल आला व्हता का वो तुम्हाला?"

"आला की. कवाच वाचला."

"मग काही बोलला न्हाईत?"

"त्यात तू लिहिलं व्हतंस, राजीनामा मंजूर करावा म्हणून," नणंद म्हणाली. "मी न्हाई केला."